हौसेने माणूस मरत नाही

आमचा एक मित्र स्कूबा डायव्हिंग करताना, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली फिरताना गेला. यावल तालुक्यातल्या केळीच्या पट्ट्यातलं गाव, शिक्षण जळगावला, नोकरी पुण्याला, आणि मृत्यू परराज्यातल्या एका बेटाजवळ समुद्रात. बेटाचं नाव आणि त्याला घेऊन जाणाऱ्यांचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, कारण तिथे काय झालं ते अजून कोणी नीट तपासलेलंच नाही आणि न तपासता कोणावर बोट ठेवणं मला पटत नाही. पण तो गेल्यापासून आमच्याकडे त्याच्याबद्दल जे बोललं जातंय ते ऐकून ऐकून आता लिहायलाच बसलो. द्वारदर्शनाला येणारा जवळजवळ प्रत्येक माणूस पाणी पिऊन झालं की हेच विचारायचा, "कसाले गया व्हता तो तठे? काय गरज व्हती?" आणि पुण्याहून आलेली त्याची मित्रमंडळी अंगणात बाजूला उभी राहून म्हणत होती की त्याला जे सगळ्यात जास्त आवडायचं तेच करताना तो गेला, असं मरण नशिबवानालाच मिळतं. एकांनी त्याला गुन्हेगार केला, दुसऱ्यांनी हिरो केला, आणि आता दोन्हीकडचे एकमेकांना समजावतायत की तुम्हाला तो कळलाच नाही. पण त्या दिवशी पाण्याखाली नेमकं झालं काय, हा प्रश्न दोघांपैकी एकालाही पडलेला नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. हौसेने माणूस मरत नाही. माणूस मरतो टाकीतली हवा संपल्याने, सोबतीला उतरलेला जोडीदार दिसेनासा झाल्याने, घाबरून भलत्या वेगाने वर आल्याने, हृदय बंद पडल्याने, वर बोटीवर कोणी लक्ष ठेवायला नसल्याने. यातलं काय घडलं ते शोधून काढणं, ते चारचौघांत मोकळेपणाने सांगणं, आणि त्यात त्याची स्वतःची काही चूक निघाली तर तीसुद्धा न लपवता सांगणं, मित्राची आठवण ठेवायची म्हणजे हे करायचं असं मला वाटतं. फोटोला हार घालणं, त्याच्या नावाने रक्तदान शिबिर घेणं हेही करा, माझी ना नाही, पण तेवढ्यावर त्याचा मृत्यू मिटवून टाकू नका.

गावात अजून एक वाक्य फिरतंय. "तो तर पट्टीचा पोहणारा होता, तो बुडेलच कसा?" आणि मग आवाज खाली करून शंका, दारू प्यायला होता का, काही टेन्शन होतं का, कोणाशी वाजलं होतं का. या शंकांचा मला फार राग येतो, पण त्या कुठून येतात तेही कळतं, कारण तो खरंच पट्टीचा पोहणारा होता. आमच्याकडची पोरं विहिरीत पोहायला शिकतात, पाठीला डबा नाहीतर वाळलेला भोपळा बांधलेला, काठावर काका नाहीतर मोठा भाऊ दोर धरून उभा. तोही तसाच शिकला. जरा मोठं झालं की वरून सूर मारायचा, श्वास रोखून तळ गाठायचा, मूठभर गाळ आणून दाखवायचा आणि जीव कासावीस झाला की पाय मारून सुसाट वर. विहिरीत हे चालून जातं कारण श्वास वरच्या हवेत घेतलेला असतो, खाली जाताना छातीतली हवा दाबाने आकसते आणि वर येईपर्यंत पुन्हा होती तेवढी होते. पाठीवर टाकी असली की हे सगळं गणित उलटं होतं. समुद्रात दर १० मीटरला वातावरणाच्या एका दाबाएवढा दाब वाढतो, म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० वर तिप्पट, ३० वर चौपट, आणि रेग्युलेटर, म्हणजे तोंडात धरून ज्यातून टाकीतली हवा घेतात तो, त्या त्या खोलीच्या दाबानेच हवा देतो. म्हणजे २० मीटरवर घेतलेल्या एका श्वासात वरच्या श्वासापेक्षा तिप्पट हवा मावलेली असते. एकतर त्यामुळे टाकी तिप्पट वेगाने रिकामी होते. आणि तो श्वास रोखून कोणी वर आलं तर तीच हवा छातीत तिप्पट व्हायला बघते, फुफ्फुस फाटतं, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतात. हा बदल शेवटच्या १० मीटरमध्ये सगळ्यात जोरात होतो म्हणून अगदी उथळ पाण्यातसुद्धा हे घडलेलं आहे. स्कूबा शिकवताना पहिला नियम सांगतात तो हाच, की श्वास कधीही रोखायचा नाही. आता मला सांगा, ज्याच्या अंगात लहानपणापासून श्वास धर आणि वर पळ हेच मुरलंय त्याचं शरीर घाबरल्यावर काय करेल? पट्टीचा पोहणारा असणं तिथे उपयोगी पडतं तसंच घातकही ठरू शकतं, आणि हे आमच्या गावातल्या एकालाही माहीत नव्हतं कारण कोणी कधी सांगितलंच नाही.

आम्हाला कागदावर काय मिळालं तर अकस्मात मृत्यूची नोंद, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेममध्ये पाण्यात बुडून मृत्यू. बास. आता पाण्यात गेलेल्या माणसाचा मृत्यू बुडून झाला हे सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे? बुडणं हा शेवट झाला, सुरुवात कशाने झाली ते सांगा ना. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क म्हणून अमेरिकेत संस्था आहे, त्यांच्या लोकांनी १९९२ ते २००३ या काळातले हौशी डायव्हरांचे ९४७ मृत्यू तपासले. त्यांनी प्रत्येक मृत्यूची साखळी लावली, आधी काय बिघडलं, त्यामुळे माणूस काय करून बसला, त्याने शरीराला कोणती इजा झाली आणि मग शेवटी मृत्यू कशाने. सुरुवात कशाने झाली हे निम्म्याहून जास्त ठिकाणी कळूच शकलं नाही, पण जिथे कळलं तिथे ४१ टक्के वेळा ती हवा कमी पडल्याने झाली होती, आणि सामान बिघडल्याने साधारण १५ टक्के. म्हणजे सगळ्यात मोठं कारण म्हणजे टाकीत किती हवा उरली ते दाखवणाऱ्या काट्याकडे वेळेवर न बघणं. शार्क नाही, अथांग समुद्र नाही, एक काटा. हे कळतं तेव्हा पुढच्या माणसाला सांगता येतं की बाबा दर दोन-चार मिनिटांनी काटा बघ आणि जोडीदारालाही त्याचा काटा विचारत राहा. समुद्राने ओढून नेला म्हटल्यावर पुढच्या माणसाला काय सांगणार?

आमच्या मित्राच्या मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर होता, घड्याळाएवढं यंत्र असतं ते, दर काही सेकंदांनी खोली आणि वेळ टिपून ठेवतं. ते त्याच्या कपड्यांत गुंडाळून सामानाच्या पिशवीतून घरी आलं, म्हणजे त्यात काय आहे हे बघावं असं तपास करणाऱ्यांना वाटलंच नाही. आमच्यातल्या एकाने त्याच्या वडिलांना, आप्पांना विचारून ते मोबाईलला जोडलं. आलेख आला. बराच वेळ २२ मीटरच्या आसपास, मग हळूहळू थोडं वर, आणि मग एका जागेवरून एकदम उभी रेष. वर यायचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आसपास ठेवायला शिकवतात, ही रेष त्याच्या कितीतरी पुढे होती. आणि ती वरपर्यंत पोचली होती. त्यानंतर पुन्हा खाली. म्हणजे आमचा मित्र पाण्याच्या वर आला होता, त्याने आभाळ बघितलं असेल, आणि मग परत बुडाला, कारण पंचनाम्यात लिहिलंय की पाण्याखाली जाता यावं म्हणून कमरेला बांधतात तो वजनाचा पट्टा बांधलेलाच होता आणि वर तरंगायला ज्यात हवा भरतात त्या जॅकेटमध्ये हवा नव्हती. तो पट्टा एका हाताने सुटावा असाच बनवतात. त्याला सोडता का आला नाही, वर आला तेव्हा तो शुद्धीवर होता का, त्या क्षणी बोटीवरून पाण्याकडे कोण बघत होतं, जोडीदार कुठे होता, बोटीवर ऑक्सिजन होता का, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर कुठल्याच कागदात नाही. हे प्रश्न दिसल्यावरही ज्याला "काय गरज व्हती" हाच प्रश्न मोठा वाटतो त्याच्याशी मला भांडायचंय.

आता त्यांची बाजू. त्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही हे मला मान्य आहे. रात्रीच्या लाइटला पाणी भरायला गेलेला शेतकरी मोटारीचा शॉक लागून जातो तेव्हा तो पोटासाठी गेलेला असतो, आणि हा सुट्टी काढून, हजारो रुपये भरून मजेसाठी गेला. पोटासाठी घेतलेला धोका आणि मजेसाठी घेतलेला धोका एकच नाहीत. घरात म्हातारे आईवडील, बायको, लहान पोर असताना माणसाने स्वतःच्या जिवाचा हिशेब एकट्याचा मांडू नये हेही खरं, शोधायला उतरणाऱ्यांचाही जीव धोक्यात जातो हेही खरं. एवढं सगळं कबूल करून मी विचारतो, की त्याने नेमका कोणता धोका पत्करला होता? समुद्र समुद्र आहे, प्रवाह बदलू शकतो, हे त्याने पत्करलं होतं. पण वर कोणी लक्ष ठेवणार नाही हे त्याने पत्करलं होतं का? जोडीदाराने पाठ फिरवावी हे पत्करलं होतं का? राईडसाठी पैसे देणाऱ्याने ब्रेक तपासलेले असतील एवढं धरून चालावं की नाही? स्वखुशीने गेला म्हटल्यावर जे काही होईल ते सगळं त्याच्याच माथी असा नियम लावायचा तर पंढरपूरला ट्रॅव्हल्सने जाणाऱ्यालाही लावा, तोही कोणी बळजबरी केली म्हणून गेलेला नसतो.

आणि हौस म्हणाल तर १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत एलिफंटाला निघालेल्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, माणसं मेली, त्यातले बरेच जण लेणी बघायला निघालेले पर्यटकच होते. लेणी बघणं ही काय गरज आहे का? पण "कशाला गेले होते" असं कोणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. सगळ्यांनी विचारलं की लाईफ जॅकेट का घातलेली नव्हती, बोटीत किती माणसं होती, आणि लगेच गेटवेवरून निघणाऱ्या प्रवाशांना जॅकेट सक्तीचं झालं. त्याआधी १७ जुलै १९४७ ला रामदास बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि सहाशेच्या वर माणसं बुडाली, सणाला घरी जायला निघालेले चाकरमानी होते ते. म्हणजे बोट आपल्या ओळखीची आहे म्हणून बोटीबद्दल आपण बरोबर प्रश्न विचारतो आणि पाण्याखाली जाणं अनोळखी आहे म्हणून मेलेल्यालाच विचारतो की तू तिथे काय करत होतास. गरज आणि हौस हा भेद इथे खरा नाहीचये, ओळखीचं आणि बिनओळखीचं हा भेद आहे.

आणि गरजेपोटी पाण्यात जाणाऱ्यांची तरी आपण कुठे चौकशी करतो? देशात दर वर्षी ३५ हजारांपेक्षा जास्त माणसं बुडून मरतात, सरकारी आकडाच आहे, आणि त्यात स्कूबावाले औषधालाही सापडणार नाहीत. आमच्या खान्देशातलं बघा. शेततळं केलं, खाली प्लास्टिकचा कागद अंथरला, कडेला उतार, पोरगं पाणी काढायला नाहीतर खेळायला गेलं आणि घसरलं की त्या गुळगुळीत कागदावरून मोठ्या माणसालाही वर येता येत नाही. एक गाठी मारलेला दोर काठाच्या खुंट्याला बांधून आत सोडलेला असला, एक रिकामा हवाबंद कॅन तरंगत ठेवलेला असला तर किती पोरं वाचतील, पण किती शेततळ्यांवर तो दोर दिसतो? २०१९ च्या संक्रांतीला धडगावकडे नर्मदेत बोट उलटली, सणाला नदीवर आलेली आदिवासी कुटुंबं होती, लहान पोरं गेली. गणपती विसर्जनाला, कानबाईच्या विसर्जनाला, म्हशी धुताना, गोधड्या धुताना तापी-गिरणा-पांझरेत माणसं जातात आणि पेपरात चार ओळी येतात, पाण्याचा अंदाज न आल्याने. हे वाक्य मी लहानपणापासून वाचतोय. अंदाज का आला नाही, धरणाचं पाणी सोडलं होतं का, वाळू उपसून डोह झाला होता का, हे त्या चार ओळींत कधी नसतं. म्हणजे गरजेचा मेला तरी चौकशी नाही आणि हौसेचा मेला तरी नाही, फक्त हौसेच्याला वरून बोल लावायची सोय असते.

मग बंदीवाले येतात. असले खेळ बंदच करा. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांवर बंदीचा आदेश निघतो तसा इथेही काढा. बंदीने जीव वाचत नाहीत असं मी म्हणणार नाही, पुराच्या पाण्यात कोणालाच उतरू न देणं हे शहाणपणाचंच आहे आणि ज्या अधिकाऱ्याकडे अख्ख्या तालुक्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं आहेत तो दुसरं काय करणार. पण कायमची बंदी घातली की धंदा बंद होत नाही, फक्त पावती बंद होते. मालवण-तारकर्ली-देवबागला आज किती घरं स्कूबावर चालतात, ती उद्या काय करतील, पहाटे लवकर बोट काढतील. महाराष्ट्राने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, जमीन-पाणी-हवा तिन्हीतल्या प्रकारांना नोंदणी लागते, म्हणजे कागदावर पाया घातलेला आहे. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटक गेले, लक्षात घ्या, पाण्याखाली काही झालं नव्हतं, परतीच्या बोटीवर झालं. तिथे स्कूबावर बंदी घालून काय सुटलं असतं? बोटीत किती जण बसवायचे आणि जॅकेट काढू द्यायची की नाही हा प्रश्न होता. अपघात नेमका कुठे झाला हे न बघता उपाय केला की तो भलत्याच जागी लागतो.

आता पुण्याच्या मित्रांचं. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांनी त्याला समुद्रावर बघितलाय, आम्ही नाही. ते सांगतात की पहिल्यांदा खालून वर आला तेव्हा तो अर्धा तास बोलतच होता, माशांचा थवा अंगावरून गेला, कासव बघितलं, खाली किती शांत असतं. तो आनंद खरा होता आणि त्याच्या वाट्याला तो आला याचं मलाही बरं वाटतं. केळीच्या बागेत वाढलेल्या पोराने प्रवाळ बघितलं ही काही छोटी गोष्ट नाही, आणि गावातल्या कोणाला ती उधळपट्टी वाटत असेल तर मला वाईट वाटतं. पण आवडतं ते करताना गेला हे वाक्य आलेखातल्या त्या उभ्या रेषेसमोर ठेवून बघा. त्या रेषेतला माणूस आवडतं ते करत नव्हता, तो जिवाच्या आकांताने वर येत होता. त्याला जगायचं होतं, दिवाळीला घरी यायचं होतं, पोरीला पोहायला शिकवायचं होतं. त्याच्या शेवटच्या मिनिटाला सुंदर म्हणून आपण आपलं मन हलकं करतो आणि त्या मिनिटात ज्यांनी ज्यांनी काही करायला पाहिजे होतं त्या सगळ्यांना मोकळं सोडतो.

घाईत सांगितलेली गोष्ट किती लांब जाते त्याचं उदाहरण ताजं आहे. आसामचे गायक झुबीन गर्ग १९ सप्टेंबर २०२५ ला सिंगापूरला वारले तेव्हा पहिल्या बातम्या सगळीकडे स्कूबा डायव्हिंगमध्ये मृत्यू अशाच आल्या. नंतर समोर आलं की ते समुद्रात पोहत होते आणि अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. पण आजही आमच्याकडे कोणाला विचारा, स्कूबाच सांगतील. एवढ्या मोठ्या माणसाबद्दल, ज्याच्यासाठी अख्खं राज्य रस्त्यावर आलं, त्याच्याबद्दल हे होतं तर आमच्या मित्राची काय कथा? आणि लाईफ जॅकेट न घालता पोहायला उतरू नये हा धडा ज्यांनी घ्यायला पाहिजे होता ते स्कूबा वाईट एवढंच शिकून मोकळे झाले.

सगळ्यात अवघड वाक्य आहे ते म्हणजे त्याची वेळच भरली होती. मावशी, म्हणजे त्याची आई, हेच म्हणते. तिच्यासमोर मी एक शब्द बोललेलो नाही आणि बोलणारही नाही, त्या वाक्याच्या आधाराने ती सकाळी उठते आणि चूल पेटवते. आईला ते म्हणायचा पूर्ण हक्क आहे. पण तेच वाक्य बोटवाला म्हणाला, पोलीस ठाण्यातला साहेब म्हणाला, तर मी ऐकून घेणार नाही. माणसांनी असल्या मृत्यूंना नशीब म्हणणं थांबवलं म्हणूनच आज पाण्याखालून जिवंत परत येता येतं. अमेरिकेत सेंट लुईसला मिसिसिपी नदीवर पूल बांधत होते, १८७४ ला पुरा झाला, त्याचे पाये खणायला मजूर नदीखाली दाबाच्या हवेत काम करायचे आणि वर आले की काहींचे सांधे आखडायचे, काही लुळे पडायचे, दहाच्या वर माणसं गेली. उपाय काय, तर हातापायांना जस्त आणि चांदीचे पट्टे बांधायचे. ताईतच म्हणा ना. १८७८ मध्ये पॉल बेर नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन घाईने वर आलं की बुडबुडे होऊन बाहेर पडतो, आणि मग जॉन स्कॉट हाल्डेनने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये थांबत थांबत वर यायची कोष्टकं दिली. आमच्या मित्राच्या मनगटावरचं यंत्र जे गणित करत होतं त्याचं मूळ त्या कोष्टकांत आहे. या जॉन स्कॉटचा मुलगा म्हणजे शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. १ जून १९३९ ला लिव्हरपूलजवळ थेटिस ही ब्रिटिश पाणबुडी चाचणीतच बुडाली, ९९ माणसं गेली, तेव्हा कामगार संघटनांनी त्याला तपासाला बोलावलं आणि हा माणूस सहकाऱ्यांना घेऊन स्वतः बंद चेंबरमध्ये जाऊन बसला, आतली हवा खराब होत जाते तसं माणसाचं काय होतं ते स्वतःच्या अंगावर बघायला. तोच हाल्डेन १९५७ ला भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ ला भुवनेश्वरला वारला. त्या ९९ जणांची वेळ भरली होती असं म्हणून तोही घरी बसू शकला असता.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात जास्त टोचतो. घरच्यांचं काय? आधीच त्यांच्यावर एवढा मोठा घाला आणि तुम्ही मुलाच्या चुका उकरत बसणार, कमरेचा पट्टा, काटा, वेग, हे आईबापाच्या कानावर घालणार, गंधमुक्ती होऊन गेली, आता तरी जाऊ द्या ना त्याला. हे म्हणणाऱ्यांच्या मनात माया आहे, मला दिसते ती. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्याकडे त्याच्या नावाची घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवलं, बायको भिंतीला टेकून बसली होती, त्या घरात जाऊन डाइव्ह कॉम्प्युटरचा आलेख उघडायची माझी हिंमत नाही आणि उघडूही नये. पण त्यांना त्रास नको म्हणून आपण गप्प बसतो तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रश्न येत नाहीत असं थोडंच आहे? आप्पा रात्रीचे फोन करून विचारतात, की भाऊ, एवढं पाणी पोहणारा माझा पोरगा, त्याला पट्टा सोडता आला नसेल का रे. त्यांना उत्तर पाहिजे. कोणाला नको असेल तर त्याच्यावर लादू नका, पण ज्याला पाहिजे त्याला सांत्वन पुरे म्हणून परत पाठवू नका. १३ जून १९९७ ला दिल्लीच्या उपहार थिएटरला आग लागली, ५९ माणसं गेली, त्यात नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांची दोन्ही मुलं होती. त्यांनी बाकीच्या घरच्यांना एकत्र केलं आणि दशकानुदशकं कोर्टात विचारत राहिले, दारं बंद का होती, जायला वाट का नव्हती. त्यांनाही लोकांनी सांगितलं असेलच की आता जाऊ द्या. स्वतःच्या मुलांच्या मृत्यूचा तपशील रोज नव्याने ऐकायची तयारी त्यांनी दाखवली, आणि आपण त्या आईवडिलांना निष्ठुर म्हणतो का?

चूक त्याची निघाली तर? निघू शकते, मी डोळे मिटलेले नाहीत. काटा त्यानेच बघितला नसेल, सकाळपासून नीट खाल्लं नसेल, अंगात ताप असताना फॉर्मवर सगळीकडे नाही अशी टिक मारली असेल, जोडीदाराला सोडून तोच पुढे गेला असेल. निघाली तर मी ती सांगेन, त्याचं नाव न घेता का होईना, कारण चुका केल्याने तो कमी प्रेमाचा होत नाही. विमान पडलं की पायलटने काय केलं हे शेवटच्या सेकंदापर्यंत ऐकतात आणि छापतात, ते पायलटचा अपमान करायला नाही, पुढचं विमान पडू नये म्हणून करतात. हौशी डायव्हरांच्या मृत्यूचं आपल्याकडे तसं काहीच होत नाही, पोलीस घातपात आहे का एवढं बघतात, नसेल तर फाईल बंद, आणि डायव्हिंगवाले आपसात कुजबुजतात. प्रत्येक मृत्यूनंतर टाकीत किती हवा उरली होती, कॉम्प्युटरचा आलेख काय सांगतो, किती जणांमागे किती शिकवणारे होते, बोटीवर ऑक्सिजन होता का, बुडबुड्यांच्या त्रासावर उपचार करतात ते दाबाचं चेंबर असलेलं हॉस्पिटल किती तासांवर होतं, एवढं तरी लिहून सगळ्यांना वाचता येईल असं ठेवणं सक्तीचं करा. यात फार पैसा लागत नाही. आम्ही मित्रांनी त्या दिवशीची कागदपत्रं माहिती अधिकारात मागितलीत आणि मिळेपर्यंत मागत राहू.

तोवर दिवाळीच्या सुट्ट्या येतील, जळगाव-धुळे-नंदुरबारहून गाड्या भरून पोरं मालवणला निघतील, गोव्याला, अंदमानला जातील, जाऊ देत, जायलाच पाहिजे. फक्त पाण्यात उतरायच्या आधी विचारा की माझ्यासोबत कोण असेल आणि तो अजून किती जणांना सांभाळतोय, टाकीचा काटा स्वतः बघा, दमा-बीपी-कानाचं ऑपरेशन झालेलं असेल तर फॉर्मवर खरं लिहा, वजनाचा पट्टा कसा सुटतो ते काठावरच दोनदा सोडून बघा, वर बोटीवर कोण थांबणार आणि ऑक्सिजनची टाकी कुठे ठेवलीये ते दाखवायला सांगा. आणि एवढं विचारल्यावर जो चिडेल त्याच्या बोटीत बसू नका, भरलेले पैसे गेले तरी चालतील.